हवं आणि नको यांच्या मधली फट

नमस्कार मंडळी. माझ्यानंतर लगेच जेवण आहे. म्हणजे आत्ता या सभागृहात प्रत्येकाच्या मनात एक 'हवं' आहे आणि एक 'नको' आहे. त्यातलं 'नको' कोणतं, ते मला विचारू नका. विषयाला याहून चांगली सुरुवात मला सुचली नसती.

आसक्ती सोडा, द्वेष सोडा, शांती मिळेल, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. मान डोलावतो आणि घरी जातो, कारण 'सोडा' म्हणजे नेमकं काय करायचं ते कळत नाही. वस्तू सोडायच्या? माणसं सोडायची? गीता तर दुसऱ्या अध्यायाच्या 64व्या श्लोकात वेगळंच सांगते. रागद्वेषातून सुटलेल्या, ताब्यातल्या इंद्रियांनी जो विषयांमध्ये वावरतो, त्याला प्रसन्नता लाभते. (इथला राग म्हणजे आसक्ती, संताप नव्हे; आणि विषय म्हणजे इंद्रियांना भेटणाऱ्या गोष्टी.) जो वावरतो त्याला, पळून जातो त्याला नाही.

पतंजलींनी योगसूत्रांत पाच क्लेश, म्हणजे मनाला छळणाऱ्या पाच गोष्टी, सांगितल्या, त्यांत हे दोघे शेजारीशेजारी आहेत. सुखाच्या मागून येतो तो राग, दुःखाच्या मागून येतो तो द्वेष. भाष्यकार व्यास पुढे म्हणतात की हे येणं आठवणीच्या वाटेनं होतं. एकदा सुख चाखलं, ते लक्षात राहिलं, आणि पुन्हा तेच मिळावं अशी तहान लागली. म्हणजे आपलं भांडण समोरच्या गोष्टीशी कमी आणि जुन्या आठवणीशी जास्त असतं. कधीकाळी टोचून बोललेला माणूस आज नुसता "कसे आहात?" म्हणाला तरी आपल्या कपाळाला आठी पडते. आजच्या वाक्यात तसं काहीच नसतं.

बुद्धांनी हा धागा आणखी बारीक उकलला. स्पर्शातून, म्हणजे इंद्रियाची एखाद्या गोष्टीशी गाठ पडण्यातून, वेदना, वेदनेतून तृष्णा, तृष्णेतून घट्ट धरून ठेवणं. वेदना म्हणजे इथे सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली, कुठलीही जाणीव. ती उठणं काही आपल्या हातात नाही. पण ती उठणं आणि 'हवं' किंवा 'नको' म्हणणं यांच्या मधे एक फट असते. सगळी साधना त्या फटीत चालते.

ती दिसते कशी? विपश्यना या ध्यानपद्धतीच्या दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस फक्त श्वास पाहायचा असतो. चौथ्या दिवसापासून अंगावरच्या संवेदना, आणि मग तासभर आसन न बदलता बसायचं. त्याला अधिष्ठान म्हणतात. थोड्याच वेळात गुडघा ठणकायला लागतो. पाठोपाठ मनाची वकिली सुरू: इतका वेळ कशाला बसवतात, माझा गुडघा आधीच नाजूक, उद्या चालता आलं नाही तर? हलायचं नाही म्हटल्यावर नाइलाजानं नीट पाहावं लागतं. मग कळतं की त्या 'ठणक्या'त जरा ऊब आहे, जरा दाब आहे, मधेच टोचणी आहे, आणि मधेच चक्क काही नाही. वाढतो, ओसरतो, जागा बदलतो. पाहत राहिलं की 'नको'चा जोर उतरतो. दुखणं कदाचित तिथेच असतं. (खरीच दुखापत असेल तर पाय हलवा हो, ही मर्दुमकीची स्पर्धा नव्हे.)

सल्ल सुत्त नावाच्या उपदेशात बुद्धांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिलाय: पहिला बाण शरीराला लागतो, दुसरा, म्हणजे त्या दुखण्यावरची तडफड, मनाला. तो आपण बऱ्याचदा ऐकतो. त्याच सुत्तातलं पुढचं मला जास्त मोलाचं वाटतं. दुःख झालं की दोन्ही बाण लागलेला माणूस सुखाकडे धावतो, कारण सुटायची दुसरी वाट त्याला ठाऊकच नसते. रात्री साहेबांचा तिरकस ईमेल वाचायचा आणि मग झोप उडेपर्यंत फोनवर व्हिडिओ बघत राहायचं, ते हेच. 'नको'तून उठून आपण 'हवं'मध्ये जाऊन बसतो आणि त्याला विरंगुळा म्हणतो.

यावर हमखास येणारा प्रश्न: मग माणूस थंड नाही का होणार? मुलांवर माया करायची नाही, अन्यायावर बोलायचं नाही? मला उलट वाटतं. मुलाला कमी मार्क पडल्यावर आपण त्याच्याशी बोलतो, ते त्याच्या काळजीनं की आपल्याच छातीतली धडधड थांबवायच्या घाईनं? हे ओळखता आलं तर बोलणं थांबत नाही, फक्त आवाज खाली येतो. अन्यायाचंही तसंच. भडकलेला माणूस पहिलं वाक्य जोरात बोलतो आणि दुसऱ्या वाक्याला मुद्दा विसरतो.

एक अडचण मात्र खरी आहे. काल ध्यानात छान शांत वाटलं, आज का नाही वाटत? सुखाच्या मागून राग येतो हा नियम ध्यानातल्या सुखालाही लागू आहे. शांतीची हाव धरून बसणारे साधक मी पुष्कळ पाहिलेत, आणि ते फार चिडचिडे असतात! अशा वेळी बैठक फुकट गेली असं समजून उठू नका. ती चिडचिड अंगात कुठे जाणवतेय, कपाळात की जबड्यात, ते बघा. तीही संवेदनाच आहे. गुडघ्यासारखीच तीही पाहायची.