ऋषीची भाजी आणि उत्तम क्षमा

नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात एका मुलीचा व्हॉइस मेसेज आला, नाव नाही सांगत, आपल्या इंदूरचीच, मराठी घरातली, विजयनगरला नोकरी करते. तिथेच एका मुलाशी जमलं, मुलगा कॅथलिक, चार वर्षं झाली, आणि आता त्याच्या घरचे म्हणतायत की लग्नाआधी बाप्तिस्मा घे. ही मला विचारते, "काकू, देव तर एकच ना, मग प्रेमासाठी एवढं केलं तर काय बिघडतं?"

बिघडतं की नाही ते मी कोण सांगणार, पण माझं काय झालं ते सांगते.

माझं लग्न 1993 चं. माहेर देशस्थ, सासर दिगंबर जैन. धर्म बदल असं मला कुणी म्हणालं नाही, आणि कागदावर गरजही नव्हती, कारण 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात जैन, बौद्ध, शीख सगळेच येतात. म्हणजे कायद्याला आमच्या दोघांत काही फरकच दिसला नाही. फरक दिसला तो बटाट्याला! कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, जमिनीखालचं सगळं बंद आणि सूर्य मावळायच्या आत जेवण. हे मी पहिल्याच महिन्यात जमवलं, त्यात काही मोठेपणा नाही, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात गेलं की एवढं करतातच.

खरी गंमत झाली भाद्रपदात. आपले गणपती चतुर्थीला बसतात आणि दिगंबरांचं दशलक्षण पर्व सुरू होतं पंचमीला, दोन्ही संपतात अनंत चतुर्दशीला. म्हणजे ज्या दिवशी माझ्या आईकडे ऋषीची भाजी, सुरण, रताळं, अळूचे कंद घालून, नेमका त्याच दिवशी सासरी सगळ्यात कडक नेम. पहिल्या वर्षी मी नुसती रडले. दुसऱ्या वर्षी सासूबाईंनीच दोडका, भोपळा, मका, भेंडी आणून ठेवली आणि म्हणाल्या, "ऋषिजी को कंद ही चाहिए क्या?" त्या स्वतः त्या दहा दिवसांत हिरवी भाजी तोंडात घालत नसत, पण माझ्यासाठी चिरून दिली. तेव्हापासून आमच्याकडे बिनकंदाची ऋषीची भाजी होते, आणि आईला ती कधीच आवडली नाही.

हे झालं जेवणाचं. श्रद्धेचं वेगळंच निघालं. मुलाची दहावी होती तेव्हा मी काच मंदिरात, म्हणजे इथल्या जैन मंदिरात, हात जोडून चांगले मार्क मागत होते, सासूबाईंनी ऐकलं आणि हसल्या, म्हणाल्या, "बेटा, ये कुछ देते नहीं, इनसे माँगते नहीं." मी चाटच पडले. सोळा-सतरा वर्षं ज्या देवळात जात होते तिथे आपण नेमकं काय करतोय हेच मला कळलं नव्हतं, मी तीर्थंकरांना गणपती समजून बसले होते. मला मागायला देव लागतो हो, खजरान्याच्या गणपतीला जाऊन नवसाचा उलटा स्वस्तिक काढणारी बाई मी, ते काही सुटलं नाही, कुणी सांगितलं असतं तरी सुटलं नसतं, वरवर हो म्हणून आत तेच चालू राहिलं असतं.

पण एक गोष्ट आपोआप आत शिरली. पर्व संपलं की क्षमावाणी, लहान-मोठे सगळे एकमेकांना "उत्तम क्षमा" म्हणतात. पहिली काही वर्षं मी ते हॅपी दिवाळीसारखं म्हणायचे. मग एका वर्षी जावेशी सहा महिने अबोला होता आणि त्या दिवशी तिच्यासमोर उभी राहून ते दोन शब्द म्हणताना माझा घसाच दाटून आला. त्या दिवशी मी थोडी जैन झाले असेन. ते कुणी मला लग्नाची अट म्हणून घालूच शकलं नसतं.

म्हणून तुझ्या प्रश्नाकडे येते बेटा. पहिलं म्हणजे नीट चौकशी कर, कारण बाप्तिस्म्याशिवाय चर्चमध्ये लग्नच होत नाही असं नाहीये. कॅथलिक चर्चच्या नियमात बिशपच्या परवानगीने असं लग्न होऊ शकतं, तू धर्म बदललाच पाहिजेस असं नाही. वचन घेतात ते त्याच्याकडून, की मुलांना बाप्तिस्मा मिळावा म्हणून मी होईल तेवढं करीन, आणि ते तुला आधी सांगितलं जातं. म्हणजे खरं बोलणं मुलांबद्दल व्हायला पाहिजे, आणि ते तुम्ही चार वर्षांत केलंच नसेल, पैज लावते.

दुसरा रस्ता 1954 चा स्पेशल मॅरेज ॲक्ट, मोती तबेल्याला कलेक्टर ऑफिसात अर्ज, 30 दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, दोघांचे धर्म जिथल्या तिथे. वारसाहक्काचे नियम थोडे बदलतात, ते वकिलाला विचार. आणि आपल्या मध्य प्रदेशात 2021 चा धर्म स्वातंत्र्य कायदा आहे, लग्नाच्या निमित्ताने धर्मांतर करवणं त्यात गुन्हा धरलाय आणि 60 दिवस आधी कलेक्टरला कळवायची अटही आहे, ती कोर्टापर्यंत गेलेली आहे, तेव्हा घाईघाईत कुठे सही करू नकोस.

आता कुणी म्हणेल, शर्मिष्ठादेवींचं काय? खरंय. सिएटलची नॅन्सी ॲन मिलर, 1928 मध्ये हिंदू झाली, शर्मिष्ठादेवी नाव घेतलं आणि आपल्या तुकोजीराव होळकरांशी लग्न केलं, शेवटपर्यंत त्याच नावाने राहिली. तिला ते मानवलं असेल, अशीही माणसं असतात. मला फक्त एवढंच खटकतं की बदलली तीच. महाराजांना कुणी विचारलं का, की बुवा तुम्ही काय बदलणार?

तर त्या मुलाला विचार, घरच्यांना नाही, त्याला. तू स्वतः काय मानतोस? एकटा असताना प्रार्थना करतोस का? नाताळ सोडून शेवटचा चर्चमध्ये कधी गेलास? मी आमच्या ह्यांना हे लग्नाआधी विचारलं होतं, उत्तर आलं, "मम्मी को पता है." तीस वर्षं झाली, अजून मम्मींचंच उत्तर चालू आहे, आता मम्मी नाहीत तरी.

अनंत चतुर्दशीला उपास सोडायच्या आधी हे माझ्याबरोबर झांकी, म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीतले सजवलेले रथ, बघायला येतात. हुकुमचंद मिल 1991 ला बंद पडली पण झांकी अजून निघते, शेठ हुकुमचंदांच्या नावाची, ज्यांनी काच मंदिर बांधलं त्यांच्याच मिलचा गणपती! आम्ही दोघं राजवाड्याजवळ उभे राहतो, मी मोरया म्हणते, हे फोटो काढतात.

बरं, पाच वाजून गेले, सूर्यास्ताच्या आत ह्यांचं ताट वाढायचंय. माझ्या बॅगेत आलूची कचोरी आहे, ती मी रिक्षातच खाऊन घेईन. नमस्कार.