'कोण?' विचारण्याआधी

मागच्या रांगेपर्यंत ऐकू येतंय ना? ठीक. आज बहुतेक आया आल्या आहेत. बाबा मंडळी चार-पाच दिसतायत, त्यांचे विशेष आभार. शाळकरी वयातल्या मुलीला दिवस जाणं, हा आजचा विषय. तो जाहीर झाल्यावर खुर्च्या रिकाम्या राहणार याची मला कल्पना होतीच. 'आमच्या घरी असलं काही नाही' म्हणून जे आले नाहीत, त्यांच्यातले एक-दोन जण मला पुढे कधीतरी दवाखान्यात भेटतात. तेव्हा मात्र सविस्तर बोलायला कुणालाच सवड नसते.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. एक प्रसंग सांगते, ओळख पटेल असं काही सांगणार नाही. सोळा वर्षांची मुलगी, सोबत आईवडील. वडील बसले नाहीत, खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. आईच्या मांडीवर मुलीचं दप्तर होतं आणि ती सारखी त्याची चेन उघडत होती, लावत होती. वडिलांनी माझ्यासमोर सात-आठ वेळा एकच प्रश्न विचारला, "कोण आहे तो?" आदल्या रात्री घरी पहाटेपर्यंत हेच चाललं होतं. मी विचारलं, शेवटची पाळी कधी आली होती? आईने मुलीकडे पाहिलं. मुलगी म्हणाली, "हे घरी कुणी विचारलंच नाही."

सोनोग्राफीत एकोणीस आठवडे निघाले. तिला स्वतःला सहाव्या आठवड्यातच कळलं होतं. गर्भचाचणीची पट्टी आणून तपासली, दोन रेघा उमटल्या, आणि ती पट्टी तिने कंपासपेटीत कोनमापकाखाली दडवली. तेरा आठवडे ती कंपासपेटी रोज शाळेत गेली आणि रोज घरी आली. घरात कुणी तिचं वाईट चिंतत होतं का? अजिबात नाही. वडिलांचा तर तिच्यावर फार जीव. पण शेजारच्या एका मुलीबद्दल ते जेवताना एकदा जे बोलले होते, ते तिने ऐकलं होतं. तिचं तोंड बंद व्हायला तेवढं पुरलं.

आज माझं सांगणं मुख्यतः या तेरा आठवड्यांबद्दल आहे.

दिवस कसे मोजतात हे पुष्कळांना नीट ठाऊक नसतं. आम्ही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतो. म्हणजे पाळी चुकल्याचं लक्षात येतं तेव्हाच चार आठवडे झालेले असतात. त्यातून वयात आल्यावरची पहिली काही वर्षं पाळी अनियमित असते. दीड-दीड महिना आली नाही तरी मुलीला त्याचं काही वाटत नाही. पोटही लवकर दिसत नाही, सैल टीशर्टात तर नाहीच. शाळेचा अभ्यास, झोप कमी, खाणं वेळेवर नाही, अशी कारणं आईला सापडत जातात. आणि मुलगी मनातल्या मनात ते नाकारत असते. 'उद्या येईल, परवा येईल.' याला मी खोटेपणा म्हणत नाही. भीतीपोटी मन असं वागतं, मोठ्यांचंही वागतं. गाठ लागली तरी सहा महिने डॉक्टरांकडे न जाणारे बापे मी पाहिलेत.

दरम्यान शरीर काही थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ हे किशोरवय धरते. या वयातल्या आयांना झटके येण्याचा, बाळंतपणानंतर जंतुसंसर्ग होण्याचा धोका विशीतल्या आयांपेक्षा जास्त असतो. बाळ कमी दिवसांचं, कमी वजनाचं होण्याची शक्यताही जास्त. पंधराच्या आतल्या मुलीची कंबरेची हाडं पुरती वाढलेली नसतात, बाळंतपण अडू शकतं. यातलं पुष्कळसं वेळेवर तपासण्या झाल्या तर सांभाळता येतं. रक्तदाब बघायला पट्टा लागतो आणि दोन मिनिटं लागतात. पण त्यासाठी मुलगी समोर तर आली पाहिजे. आणि जिथे कायद्याने गर्भपात करता येतो तिथे त्याची मुदत आठवड्यांतच लिहिलेली असते. आठव्या आठवड्याला जे गोळ्यांनी होऊ शकतं, त्यासाठी अठराव्या आठवड्याला दवाखान्यात दाखल व्हावं लागतं. गोळ्यांचं निघालं म्हणून सांगते, कुणाच्या तरी सांगण्यावरून त्या परस्पर आणून देऊ नका. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत राहिला असेल तर त्या गोळ्यांनी काही होत नाही, आणि नळी फुटली तर जिवावर बेततं. पोटात एका बाजूला कळ, खांद्यात दुखणं, चक्कर, असं काही दिसलं तर रात्र असो की दिवस, तडक दवाखाना गाठायचा.

म्हणून म्हणते, पहिला प्रश्न 'किती आठवडे?' हा असू द्या. 'कोण?' हाही विचारायचा आहे, पण दरडावून नाही आणि चार माणसांसमोर नाही. मी तर आईवडिलांना बाहेर बसवूनच विचारते. का, ते कळलं पाहिजे. दरवेळी तिच्याच वर्गातला मुलगा असतो असं नाही. कधी वयाने खूप मोठा माणूस असतो. कधी घरात रोज येणारा-जाणारा असतो, ज्याला तुम्हीच चहा देत आलेले असता. तेरा-चौदा वर्षांची मुलगी असेल तर मी आधी जबरदस्तीचीच शंका घेते आणि तसं नसल्याची खात्री होईपर्यंत ती सोडत नाही. ज्या घरात 'तू तोंड काळं केलंस' हे वाक्य आधी येऊन गेलंय, त्या घरात मुलगी त्या माणसाचं नाव कशी सांगेल? मुलगी अल्पवयीन असेल तर अनेक देशांत डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. पुष्कळ पालक या भीतीनेही दवाखाना टाळतात. माझी विनंती, तसं करू नका. नियम काय आहे ते डॉक्टरांना सरळ विचारा.

आता रागाबद्दल. राग येणारच. पायाखालची वाळू सरकल्यावर माणूस शांत राहील, अशी माझी अपेक्षा नाही. माझी स्वतःची मुलगी पंधराची होती तेव्हा मी रात्री कधीतरी याचा विचार करायचे आणि मला माझीच खात्री वाटायची नाही. पण एक वाक्य मी इतक्या मुलींच्या तोंडून ऐकलंय की ते वेगळं काढून सांगते, 'त्यापेक्षा मेली असतीस तर बरं झालं असतं.' बोलणारा दोन दिवसांत विसरतो. ऐकणारी त्या रात्री ते खरंच करून बघायचा विचार करू शकते. त्या रात्री मुलीला एकटं झोपू देऊ नका. तिचा फोन हिसकावून खोलीला कडी लावणं म्हणजे बंदोबस्त, असं वाटतं खरं. पण जिच्याशी ती मोकळेपणी बोलत असते ती मैत्रीण त्याच फोनमध्ये असते.

'लांब कुठेतरी ठेवू, सगळं उरकलं की आणू,' हा विचार तर फार जुना. आयर्लंडमध्ये अविवाहित मातांसाठी संस्था होत्या. पुष्कळ मुलींना तिथे पोचवणारे त्यांच्याच घरचे होते. चौकशी आयोगाने अशा अठरा संस्था तपासल्या. १९२२ ते १९९८ या काळात तिथे सुमारे ५६ हजार माता आणि ५७ हजार मुलं राहिली, त्यांतली सुमारे ९ हजार मुलं दगावली. जानेवारी २०२१मध्ये अहवाल आला आणि त्या देशाचे पंतप्रधान मिहॉल मार्टिन यांनी संसदेत माफी मागितली. त्या अहवालात एक बोचणारी गोष्ट आहे. या बायकांना मिळालेल्या कठोर वागणुकीची मुख्य जबाबदारी त्यात मुलांच्या बापांवर आणि मुलींच्या घरच्यांवर टाकलीय, चर्चचा आणि सरकारचा याला पाठिंबा होता असं म्हणून. तिथून वाचलेल्या बायकांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, संस्थांना तुम्ही हलकं सोडलंत. मला दोन्ही बाजू कळतात. पण दारापर्यंत सोडायला कोण गेलं होतं, हा प्रश्न काही मनातून जात नाही.

'लग्न लावून टाकू' हा त्याचाच दुसरा प्रकार. सोळाव्या वर्षी लग्न लावल्याने रक्तदाब उतरत नाही की हिमोग्लोबिन वाढत नाही. जबरदस्ती झालेली असेल तर आपण मुलीला त्याच माणसाच्या हवाली करतो. पुढे काय करायचं, मूल ठेवायचं, नाही ठेवायचं, जन्म देऊन दत्तक द्यायचं, कायद्याने यातलं जे जे शक्य असेल ते तिला नीट समजावून सांगायचं आणि तिचं ऐकायचं. तुम्ही मत द्या, जरूर द्या. फक्त ते मत म्हणून द्या.

शाळेचंही तेच. टांझानियात २०१७मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मागुफुली जाहीरपणे म्हणाले होते की मूल झालेल्या मुलींना शाळेत परत घेणार नाही. ती बंदी नोव्हेंबर २०२१मध्ये उठली. आपण नाक मुरडतो अशा बातम्यांना. पण किती घरांत अशा मुलीची शाळा सुटते ती सरकारच्या हुकमाने? बहुतेकदा आईबापच म्हणतात, 'आता कशाला?'

मुलग्यांच्या पालकांचं राहिलं. ते अशा सभांना येत नाहीत आणि दवाखान्यातही येत नाहीत. मुलाची परीक्षा आहे, तो लहान आहे. अहो, ती त्याच्याच वर्गात आहे.

एक चिठ्ठी आली आहे. 'हे सगळं मुलांशी बोललं तर त्यांना नको ते सुचेल, नाही का?' नाही. युनेस्कोची लैंगिक शिक्षणाबद्दलची मार्गदर्शिका २०१८मध्ये सुधारून निघाली. उपलब्ध अभ्यास तपासून तिने हेच म्हटलंय की अशा शिक्षणामुळे मुलं लवकर शरीरसंबंधांकडे वळतात, असं दिसत नाही. आणि जगभरात १५ ते १९ वयातल्या दर हजार मुलींमागे २००० साली ६४.५ बाळंतपणं होत होती, ती २०२३मध्ये ४१.३वर आली. शाळा, गर्भनिरोधकं, लग्नाचं वाढलेलं वय, कारणं अनेक आहेत. गप्प बसल्यामुळे ते घडलं, असं मात्र मला कुणी दाखवून दिलेलं नाही.

दुसरी चिठ्ठी. 'मग आम्ही ओरडायचंच नाही का?' याला उत्तर म्हणून एका आईचा फोन सांगते. रात्री सव्वादहा. आवाज दबका, बहुतेक बाथरूममधून बोलत होत्या. "मॅडम, मुलीने आत्ता सांगितलंय. मला ओरडायचंय. काय करू?" मी म्हटलं, तारीख विचारलीत? म्हणाल्या, "विचारली. आठ आठवडे होतायत." मी म्हटलं, मग उद्या दहाला या, तोवर शेजारी झोपा, ओरडायचं नंतर बघू. त्या आल्या. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, दोघींशी वेगवेगळं बोलणं झालं. तीन दिवसांनी सगळे रिपोर्ट हातात आले, आणि त्या दिवशी घरी जाऊन बाई जी काही ओरडली म्हणता! पुढच्या खेपेला मुलीनेच मला सांगितलं. म्हणाली, "तीन दिवस आई इतकी हळू बोलत होती ना, मला वाटलं आता मी हिची कुणीच नाही. ओरडली तेव्हा बरं वाटलं."