मदत चौथ्या महिन्यातही लागते

मित्रहो, 1993 साली 29 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून, दमूनभागून माणसं झोपली आणि पहाटे चारच्या सुमाराला लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ आणि आजूबाजूची गावं जागच्या जागी ढिगारा झाली. सुमारे दहा हजार माणसं गेली. भूकंप 6.2 तीव्रतेचा होता. याहून मोठे भूकंप जगात होतात आणि तिथं एवढी माणसं दगावत नाहीत.

इथं माणसं मेली ती घराखाली. आपल्याकडची ती दोन-अडीच फुटांची दगडमातीची भिंत तुम्ही पाहिली असेल. आतली बाजू वेगळी रचलेली, बाहेरची वेगळी, मध्ये चिपा आणि माती. दोन्हींना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नसायचा. वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, आणि त्यावर, गळू नये म्हणून वर्षानुवर्षं चढवत नेलेली माती. उन्हाळ्यात घर गार राहायचं, पण हादऱ्यात भिंत फुटली आणि ते सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं.

मी तेव्हा कॉलेजात होतो. आम्ही मुलं ट्रकमधून सास्तूरकडे गेलो. पाऊस लागला होता. सरणाला लाकूड पुरत नव्हतं, एकेका सरणावर अनेकांना अग्नी द्यावा लागत होता. त्यावर मी इथं जास्त बोलणार नाही. रस्त्याच्या कडेला मात्र शहरांतून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग चिखलात भिजत पडलेले होते. मी एका मावशींपुढे लुगडं धरलं. त्या म्हणाल्या, "लेकरा, कापडं नगं. कडबा मिळतोय का बघ. म्हशीच्या पोटात काय न्हाई." घरातली माणसं गेलेली ती बाई दावणीची काळजी करत होती. देणाऱ्यानं आपल्याकडे काय जास्त आहे ते बघण्याआधी समोरच्याला काय हवंय ते विचारावं, हे मी त्यांच्याकडून शिकलो आणि तेच सांगायला आज तुमच्यापुढे उभा आहे.

पहिल्या आठवड्यात गर्दी असते. जेवण असतं, डॉक्टर असतात, गाड्यांची रांग असते. दिवाळी उलटली की रस्ता रिकामा होतो, आणि दुःख तेव्हा खरं बसतं. रब्बीची पेरणी कोण करणार, पोरकी झालेली लेकरं कुठं शिकणार, एकट्या राहिलेल्या बाईच्या नावावर घर लागणार का? ही कामं महिन्यांची, वर्षांची. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी इथली सुमारे बाराशे मुलं पुण्याला नेऊन त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. ज्ञान प्रबोधिनीनं हराळीला काम उभं केलं आणि तिथंच टिकून राहिली. मला अशी माणसं मोठी वाटतात.

पुनर्वसनात 52 गावं नव्या जागी वसवली. घरं भक्कम झाली, हे कबूल करायलाच हवं. पण सरळ आखलेल्या रुंद रस्त्यांत जुनी गल्ली हरवली, शेत लांब पडलं, गुरं कुठं बांधायची हा प्रश्न राहिला. याउलट बाकीच्या गावांत लाखाहून जास्त घरं जागेवरच दुरुस्त करून मजबूत करायची होती. पैसा घरमालकाच्या हाती, काम त्याच्या देखरेखीखाली. त्यात 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या मदतीनं गावोगावच्या बायका संवाद साहाय्यक झाल्या. हप्ता कधी येणार, भिंतीत आरपार दगड बसला का, माळवदावरची माती कमी केली का, हे त्या दारोदार जाऊन बघायच्या, शेजारणीला समजावायच्या. माझ्या मते सगळ्या मदतीत सगळ्यात शहाणं काम हेच होतं.

26 जानेवारी 2001 ला कच्छ हादरलं. तेव्हा या लातूर-उस्मानाबादकडच्या बायका तिकडे गेल्या. भाषा वेगळी, पण पडलेलं घर त्यांना ओळखीचं होतं. तिथल्या बायकांबरोबर बसून, आपण घर कसं उभं केलं आणि बांधकामावर लक्ष कसं ठेवलं, हे त्यांनी सांगितलं.