जार पडायची वाट पाहू नका

मंडळी, शेळी व्याली की बऱ्याच घरांत अजून एक रीत पाळतात. जार, म्हणजे वार, पडेपर्यंत करडाला कासेला लावायचं नाही. का, म्हणून विचारलं तर सांगतात, चीक जड असतो, करडाला हगवण लागते. काही जण तर पहिला चीक जमिनीवर पिळून टाकतात. आजचं माझं बोलणं मुख्यतः या रितीविरुद्ध आहे. बाकीचं ओघाने येईल.

बाईच्या पोटातल्या बाळाला रोगाशी लढायची शक्ती वारेतून मिळते. शेळीच्या जारेतून ती पलीकडे जात नाही. म्हणजे करडू जमिनीवर पडतं तेव्हा त्याच्या रक्तात स्वतःचं संरक्षण जवळपास नसतंच. ते सगळं चिकात असतं. चिकातली ही प्रथिनं जशीच्या तशी रक्तात घ्यायला करडाच्या आतड्याची दारं जन्मतः सताड उघडी असतात, आणि तासातासाने मिटत जातात. बारा तासांनी बरीचशी मिटलेली असतात, चोवीस तासांनी बंद. दुसऱ्या दिवशी पाजलेला चीक अन्न म्हणून चांगलाच, पण कवच म्हणून त्याचा फारसा उपयोग नाही. आता हिशेब करा. जार पडायला दोन ते सहा तास सहज लागतात, कधी त्याहून जास्त. तेवढा वेळ दार उघडं ठेवून आपण बाहेर उभे राहतो. आणि गंमत अशी, की करडू कासेला लुचू लागलं की शेळीची गर्भपिशवी आकुंचन पावते आणि जार सुटायला मदतच होते. बारा तास उलटूनही जार पडली नाही तर डॉक्टरांना बोलवा. ती ओढू नका, तिला दगड किंवा चप्पल बांधू नका. पिशवी आतून फाटते.

हगवणीचं म्हणाल, तर करडाची पहिली विष्ठा डांबरासारखी काळी आणि चिकट असते. चिकाने ती बाहेर पडते, ते व्हायलाच हवं. नंतर पिवळी, गोंदासारखी येते आणि शेपटीखाली सुकून बसते. गुदद्वार बंद होऊन करडू कुंथत राहतं. कोमट पाण्यात फडकं बुडवून तेवढं पुसून घ्या, ओढून काढू नका. या चिकट पिवळ्या विष्ठेलाच लोक हगवण म्हणतात, आणि दोष चिकाला लावतात.

किती पाजायचं? वजनाचा दहावा भाग, पहिल्या चोवीस तासांत. उस्मानाबादी शेळीचं करडू साधारण दोन-अडीच किलोचं असतं (जिल्हा धाराशिव झाला, शेळी मात्र उस्मानाबादीच राहिली). म्हणजे दोन किलोच्या करडाला २०० मिली. त्यातलं निदान ५० मिली पहिल्या तासा-दीड तासात आणि निम्मं सहा तासांच्या आत पोटात गेलं पाहिजे. या शेळीला जुळी नेहमीची, तिळीही होतात. सड मात्र दोनच. मोठं करडू एका सडाला चिकटून बसतं आणि बारकं नुसतं ढुशा मारत राहतं. म्हणून "पितायत ना" एवढं लांबून पाहून चालत नाही. करडू उचलून बरगड्यांच्या मागे पोट चाचपा. प्यालेलं पोट गोल आणि मऊसर लागतं, न प्यालेलं बसलेलं, दोन बोटांत आतल्या आत जातं.

लावायच्या आधी कास कोमट पाण्याने पुसा आणि दोन्ही सडांतून एक-दोन धारा काढून टाका. सडाच्या तोंडाशी मेणासारखी बुचं असतात, अशक्त करडाच्या ओढीने ती निघत नाहीत. तेवढ्यात कळतंही, की धार खरोखर येते की नाही, एक बाजू कडक आणि गरम आहे का, चिकात गाठी किंवा रक्त आहे का. कासदाह, म्हणजे कासेला सूज असेल तर दुसरी सोय बघावी लागते.

ही दुसरी सोय आधीच करून ठेवलेली बरी. कळपात भरपूर चीक असलेली, निरोगी शेळी व्याली की तिच्या करडांचं भागल्यावर उरलेला चीक ५०-५० मिलीच्या छोट्या बाटल्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवा. वापरताना बाटली हाताला सोसेल अशा गरम पाण्यात उभी करा, बस्स. गॅसवर ठेवू नका. चीक तापवला की काय होतं ते आपल्या घरात कोणाला सांगायला नको. खरवस होतो. जी प्रथिनं गोठून त्याची वडी पडते, त्यांतच करडाचं संरक्षण असतं. खरवस आपण खावा, करडाला पातळ चीकच लागतो. शेळीचा चीक अजिबातच नसेल तर गायीचाही चालतो, काही न पाजण्यापेक्षा तो कितीतरी बरा.

नाळेचं थोडक्यात. ती आपोआप तुटली असेल तर उत्तम. लांब लोंबत असेल तर पोटापासून दोन बोटं अंतरावर आयोडीनमध्ये भिजवलेल्या दोऱ्याने बांधून, उकळलेल्या कात्रीने खाली कापा. मग एका छोट्या बुचात टिंक्चर आयोडीन घेऊन नाळ त्यात पूर्ण बुडवा, बूच पोटाला टेकेपर्यंत. वरून कापसाने पुसणं पुरत नाही, कारण नाळ आतून पोकळ असते आणि तिची शीर थेट यकृताकडे जाते. हे दिवसातून दोनदा, तीन दिवस. हळद, राख, शेण यांपैकी काही लावायचं नाही. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात. आठ-पंधरा दिवसांनी गुडघे सुजून करडू लंगडायला लागलं की लोक म्हणतात मार लागला. बहुतेक वेळा सांध्यात जंतू शिरलेले असतात, तेही नाळेतूनच.

आता गारठा. पौषातली रात्र, पत्र्याचं छप्पर, ओलं करडू. शेळी चाटते ते नुसतं लाडाने नव्हे, त्याने अंग कोरडं होतं आणि रक्त फिरतं. ती चाटत नसेल तर नाकातोंडातला चिकटा बोटाने काढून, कोरड्या गोणपाटाने तुम्ही खसखसून पुसा. मग करडू बघायची एक साधी पद्धत: करंगळी त्याच्या तोंडात घाला. तोंड गरम आणि ते बोट ओढतंय, तर त्याला चीक हवाय, कासेला लावा. तोंड थंड आणि ओढ नाही, तर करडू गारठलंय. अशा करडाच्या तोंडात चीक ओतणं म्हणजे त्याला बुडवणं. गिळण्याची शक्ती नसते, चीक फुप्फुसात जातो. शिवाय थंड पोटात तो पचतही नाही. आधी ऊब, मग चीक.

माणसाचं डिजिटल थर्मामीटर गुदद्वारात लावून पाहिलं तर निरोगी करडू १०२ ते १०३ फॅरनहाइटच्या आसपास दाखवतं. शंभराच्या खाली गेलं की पुसून, पोत्यात गुंडाळून, उबेला ठेवा. अठ्ठ्याण्णवच्या खाली असेल तर बादलीत कोपराला सुखद लागेल इतकं गरम पाणी, म्हणजे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास, घ्या. करडू गळ्यापर्यंत प्लास्टिकच्या पिशवीत घालून, डोकं बाहेर धरून पाण्यात बुडवा. पिशवी अशासाठी, की अंगावरचा वास धुऊन जाऊ नये. वास गेला तर शेळी त्याला जवळ करत नाही. वीस मिनिटं ते अर्धा तास, पाणी निवलं की बदलत राहा. बल्ब लावणार असाल तर १०० वॅटचा, जमिनीपासून तीन फूट, आणि साखळीने टांगलेला. वायरवर लोंबणारा बल्ब शेळीच्या एका धक्क्याने भुशात पडतो आणि गोठा पेटतो.

करडू काही न पिता पाच-सहा तासांहून जास्त राहिलं असेल, आणि गारठलेलंही असेल, तर घाई डॉक्टरांची करा. त्याच्या अंगातली साखर संपलेली असते. नुसती ऊब दिली तर झटके येऊ शकतात, आधी ग्लुकोजचं इंजेक्शन लागतं.

बाटलीने पाजताना करडू चार पायांवर उभं हवं, मान जराशी वर, कासेखाली असते तशी. तान्ह्या बाळासारखं मांडीवर उताणं घेऊ नका. चोखून प्यालेलं दूध पोटातल्या एका पन्हाळीतून थेट चौथ्या कप्प्यात जातं. जबरदस्तीने ओतलेलं पहिल्या कप्प्यात सांडतं, तिथे आंबतं, आणि पोट फुगतं. पहिला आठवडा दिवसातून चार वेळा, रोज ठरलेल्या वेळेला, अंगाइतकं कोमट. एका वेळी भरपूर पाजून पुढची वेळ चुकवणं सगळ्यात वाईट.

पुढच्या महिन्याभरात मरतुक होते ती बहुतेक ओलाव्याने. तीन आठवड्यांनंतर पातळ, कधी रक्ताळ हगवण लागते. हा कॉक्सिडिया नावाच्या आतड्यातल्या बारीक परजीवीचा रोग, ओल्या जमिनीतून आणि लेंड्यांतून पसरणारा. औषध डॉक्टर देतील. पण करडं डालग्याखाली (मोठ्या टोपलीखाली) कोंडत असाल तर खालचं पोतं रोज वाळवा, डालग्याची जागा दोन दिवसांनी बदला, आणि रिकाम्या जागेवर चुना भुरभुरा. कोकणात पावसाळ्यात जमिनीवर कोरडं ठेवणं अवघडच, तिथे फटी ठेवलेलं लाकडी माचाण बरं. हगवणीत दूध तोडू नका. दोन पाजण्यांच्या मध्ये ओआरएसचं पाणी ५०-१०० मिली द्या.

पंधराव्या दिवसापासून सुबाभूळ, शेवरी, हादग्याचा पाला करडाच्या नाकाच्या उंचीवर टांगा. सोबत मूठभर मक्याचा भरडा आणि शेंगदाणा पेंड, रोज ताजं, उरलेलं काढून टाकायचं. आणि एक लक्षात ठेवा, आंत्रविषार, म्हणजे आतड्यातल्या जंतूंच्या विषाने होणारा रोग, सगळ्यात गुटगुटीत करडाला गाठतो, ज्याला सगळ्यात जास्त दूध मिळतं त्याला. संध्याकाळी उड्या मारणारं करडू सकाळी मेलेलं सापडतं. शेळी व्यायच्या महिनाभर आधी तिला आंत्रविषाराची लस दिली असेल, तर ते संरक्षण चिकातून करडाकडे येतं. अर्थात, चीक वेळेत पोटात गेला असेल तर.