चौकोनी शेत, गोल ओलावा

नमस्कार श्रोतेहो. रानाला पाणी पाटानं दिलंय, तुषारनं की ठिबकनं, हे उपग्रहाच्या चित्रांवरून कसं ओळखतात ते आज बघू. पण आधी झायबाकची गोष्ट ऐकाच.

१९४० च्या दशकातलं अमेरिकेचं कोलोरॅडो राज्य. तेव्हा तुषार सिंचन म्हणजे माणसांची दमछाक. एक पट्टा भिजला की पाइप सोडवायचे, चिखलातून उचलून पुढे न्यायचे, पुन्हा जोडायचे. फ्रँक झायबाक या शेतकऱ्यानं विचार केला, पाइपच चालता केला तर? त्यानं पाइपचं एक टोक शेताच्या मधोमध खिळवलं, बाकीचा चाकांच्या मनोऱ्यांवर चढवला. चाकं फिरवायला जोर कुठला, तर पाइपातल्याच पाण्याचा! पाइप घड्याळाच्या काट्यासारखा रानभर फिरायला लागला. १९५२ साली पेटंट मिळालं. आता एक टोक खिळलेलं म्हटल्यावर भिजणार गोलच. १६० एकरांच्या चौकोनात साधारण सव्वाशे एकरांचं वर्तुळ, चारही कोपरे कोरडे. १९७२ मध्ये जमिनीची चित्रं टिपणारा पहिला लँडसॅट उपग्रह वर गेला. त्याच्या चित्रातला एक ठिपका (पिक्सेल) म्हणजे जमिनीवरचे जवळपास ८० मीटर, आणि वर्तुळ आठशे मीटरचं. म्हणूनच नाणी मांडल्यासारखी ती हिरवी वर्तुळं चित्रात उमटली. ती ओळखायला मशीन लर्निंग, म्हणजे संगणकाला उदाहरणांवरून शिकवणं, कशाला, शाळकरी पोरगंही बोट ठेवेल.

खरी पंचाईत ठिबकची. सेंटिनेल-२ या आजच्या उपग्रहाचा ठिपका १० मीटरचा, ड्रिपरखालची ओल जेमतेम हातभर, तीही पानांआड. म्हणून ठिबक दिसत नाही, ताडावं लागतं. पुन्हा सांगतो, ठिबक दिसत नाही, ताडावं लागतं. पाऊस नसताना पीक हिरवंगार आणि दोन ओळींमधली माती कोरडीठाक, ही त्याची खूण. पाटपाण्याचं उलट. पाळी दिली की अख्खं रान भिजतं, मग सावकाश वाळतं. ढग असले तर रडार वापरायचं, म्हणजे उपग्रहानं स्वतःच रेडिओ लहरी सोडायच्या आणि परत येणाऱ्या टिपायच्या. त्यात ओली माती उजळ दिसते, साचलेलं पाणी मात्र काळं, कारण सपाट पाण्यावरून लहरी आरशासारख्या पलीकडे निघून जातात. शेजारची रानंही त्याच दिवशी भिजली असतील, तर तो पाऊस समजा.

संगणकाला शिकवायचं तर हंगामभरातल्या वेगवेगळ्या तारखांची चित्रं हवीत आणि शेतावर जाऊन केलेल्या नोंदी हव्यात. बांधालगतचे ठिपके गाळा, त्यात शेजाऱ्याचं रान मिसळलेलं असतं. आणि शिकवायची शेतं वेगळी, परीक्षेची वेगळी. एकाच शेताचे ठिपके दोन्हीकडे टाकले की ती कॉपीच.

अचूकतेच्या टक्क्यांवर तर लगेच भाळूच नका. शंभर शेतांत नव्वद पाटाची, दहा ठिबकची असतील, तर सगळ्यांना ‘पाट’ म्हणणारा नकाशाही नव्वद टक्के अचूक ठरतो. ठिबकचं एकही शेत न सापडता!