एक पद, सात रात्री

श्रोतेहो, नमस्कार.

‘सहयोगी प्राध्यापक, एक पद, मूळ कागदपत्रांसह थेट मुलाखतीस हजर राहावे.’ सरकारी किंवा पालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयाची अशी जाहिरात तुम्ही वाचली असेल. मी या मुलाखतींना टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलोय. पदवी, नोंदणी, अनुभवाचा दाखला, छापलेले शोधनिबंध, सगळा गठ्ठा तपासला जातो. पण ट्रॉमा सर्जन, म्हणजे अपघातातल्या जखमींचा सर्जन, निवडताना तेवढ्यानं भागत नाही.

ठाणेकरांना घोडबंदर रोडवरच्या कंटेनरचे आणि मुंब्रा बायपासचे अपघात वेगळे सांगायला नकोत. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ लोकलमधून माणसं खाली पडली, तेव्हा जखमींना कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात नेलं होतं.

आता असा जखमी कॅज्युअल्टीत आला, की हाड ऑर्थोचं, डोकं न्यूरोचं, पोट जनरल सर्जरीचं. अख्खा माणूस कुणाचा? ‘हा माझा पेशंट’ असं म्हणणारा तो ट्रॉमा सर्जन. यकृत फाटलेलं असेल तर तो सुबक शिवण घालत बसत नाही. मॉप, म्हणजे कापडाच्या जाड घड्या, दाबून भरतो, रक्त थांबवतो आणि पोट उघडंच ठेवून पेशंटला आयसीयूत हलवतो. कारण अंग गार पडलं, रक्तात आम्ल वाढलं, की रक्त गोठायचंच थांबतं. उघड्या पोटावर सलाइनच्या पिशवीचं निर्जंतुक प्लास्टिक कापून शिवायचं, ही बोगोटा बॅग. कोलंबियात 1984 साली निघालेली युक्ती, आणि काय स्वस्त! नवख्या रेसिडेंटला वाटतं, सरांनी काम अर्धवट टाकलं. ते का टाकलं, हे सकाळच्या राउंडला जो समजावतो, तो प्राध्यापक.

अशी माणसं थोडी. ट्रॉमा सर्जरीत एमसीएच, म्हणजे एमएसच्या पुढची पदवी, करायची सोय दिल्लीच्या एम्ससारख्या मोजक्याच ठिकाणी. म्हणून आलेल्या उमेदवाराशी नीट बोलावं.

ठाण्यापासून लांबच्या एका जिल्ह्यातली गोष्ट. उमेदवार बाईंनी आम्हालाच विचारलं, “रात्री दोनला ऑपरेशन थिएटर मोकळं मिळेल? ओ निगेटिव्ह रक्त किती मिनिटांत येतं? मृत्यूंच्या आढाव्याला ऑर्थो आणि भूलतज्ज्ञ येतात का? आणि मी रजेवर असेन तेव्हा कोण?” शेवटच्या प्रश्नावर मी मान खाली घातली. एक पद भरून आठवड्याच्या सात रात्री भरत नाहीत, हे मला ठाऊक होतं. दोन-तीन सर्जन, अपघातांची नोंद ठेवणारी एक सिस्टर, एवढं तरी मागायला हवं होतं. ते आम्ही मागितलंच नव्हतं.

अध्यक्ष म्हणाले, “मॅडम, आधी रुजू तर व्हा.”

त्या रुजू झाल्या नाहीत. पुढच्या खेपेला जाहिरात निघाली, तेव्हा पद तेच होतं, फक्त करार अकरा महिन्यांचा.