बाण सातशे वेळा दाबायचा

आम्ही वेबसाइटसाठी केलेला एक फॉर्म तपासायला काही जणांना बोलावलं होतं, तिथून सुरुवात करतो. त्यात एक निवृत्त शिक्षिका होत्या. नाव भरलं, पत्ता भरला आणि बाई जन्मतारखेपाशी आल्या. रकान्याला हात लावला की एक सुबक कॅलेंडर उघडायचं. त्यावर आमचा फार जीव. उघडायचं ते अर्थात चालू महिन्यावर. बाईंनी डावीकडचा बाण दाबला, एक महिना मागे गेला. पुन्हा दाबला, आणखी एक. साल होतं २०१९ आणि बाईंचा जन्म १९५८ चा. हिशेब करा, सातशेहून जास्त वेळा बाण दाबायचा! वरच्या सालावर टिचकी मारली की सालांची यादी उघडते, हे आम्हाला ठाऊक होतं. ते साल साध्या मथळ्यासारखं दिसत होतं, मग बाईंना कसं कळावं? पंधरा-वीस वेळा दाबून त्या थांबल्या, माझ्याकडे वळल्या आणि ओशाळून म्हणाल्या, "मलाच जमत नाहीये बहुतेक."

चूक आमची आणि ओशाळल्या बाई. हे सगळीकडे असंच चालतं, म्हणून तक्रार आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. माणूस पान बंद करतो आणि निघून जातो.

वस्तू वापरायला सोप्या कशा असाव्यात यावर लिहिणारे डॉन नॉर्मन यांनी दरवाजाचं उदाहरण प्रसिद्ध केलंय. दाराला ओढायची मूठ असते, आपण ओढतो आणि दार निघतं ढकलायचं. अशा दारांना आता 'नॉर्मन डोअर' असंच म्हणतात. मग त्यावर कोणीतरी 'ढकला' अशी पाटी लावतो. वेबसाइटवर 'हे कसे वापरावे' असा व्हिडिओ टाकायची वेळ आली, की मला ती पाटी आठवते.

कॅलेंडर वाईट असतं असं नाही हं. प्रवासाची तारीख निवडताना वार बघायचा असतो, तिथे ते हवंच. पण स्वतःची जन्मतारीख माणसाला पाठ असते. तिथे शोधायचं काय? दिवस, महिना, वर्ष असे तीन रकाने द्या, तो टाइप करून मोकळा होतो.

एक गोष्ट आपण बनवणारे लोक विसरतो. आपल्या साइटवर येणारा माणूस बाकीचा सगळा वेळ दुसऱ्यांच्या साइटवर घालवतो. वेबसाइट वापरायला सोप्या कशा करायच्या याचे अभ्यासक याकोब नील्सन हे कधीपासून सांगतायत. १९९३ साली मोझॅक ब्राउझरने लिंका निळ्या दाखवल्या आणि लोकांच्या नजरेला ती सवय लागली. लोगो दाबला की पहिल्या पानावर जायचं, भिंग दिसलं की शोधायचं, हे लोक शिकून आलेले असतात. कल्पकता दाखवायला इतर जागा भरपूर आहेत, भिंगाची जागा सोडा.

बटणांचंही तसंच. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये दाखवून दिलं की लक्ष्य जितकं लांब आणि लहान, तितका तिथे पोहोचायला वेळ जास्त. तरी आपण फोनच्या पडद्यावर 'जतन करा' आणि 'रद्द करा' एकमेकांना चिकटवून ठेवतो, तेही नखाएवढे! वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या २०२३ च्या सुगम्यता निकषांत, म्हणजे अपंगांनाही साइट वापरता यावी म्हणून केलेल्या निकषांत, अशा जागेला, काही अपवाद सोडून, किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगितलेत. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेड-काळोखाचा फरक, निदान ४.५ ला १ असावा, हाही निकष आहे. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं डिझायनरच्या महागड्या स्क्रीनवर देखणी दिसतात. उन्हात फोन धरून बघा एकदा.

आता माझा खरा राग कशावर आहे ते सांगतो. 'अवैध माहिती.' हा शब्द कोर्टातून उचलून आपण फॉर्ममध्ये आणलाय. लाल अक्षरांत, पानाच्या अगदी वर, जिथे भरणाऱ्याची नजरही नाही. काय अवैध? तर फोन नंबर लिहिताना माणसाने मध्ये एक मोकळी जागा सोडली. अहो, फोन नंबर लोक तोडूनच लिहितात, तोडूनच सांगतात! ती जागा काढून टाकायला प्रोग्रॅममध्ये एक ओळ पुरते. ती ओळ आपण लिहीत नाही आणि लाखो लोकांकडून ते काम करून घेतो. त्यावर कळस म्हणजे चूक दाखवताना भरलेला अख्खा फॉर्म कोरा करतो. संदेश लिहायचाच असेल तर त्या रकान्याच्या खालीच लिहा, 'नंबरात एक आकडा कमी आहे', आणि बाकीचं जसंच्या तसं राहू द्या.

हे सगळं आपल्याला आधी का दिसत नाही? आपल्याला उत्तर माहीत असतं म्हणून. त्यावर मला एकच इलाज सापडलाय. ज्याने साइट पाहिलेली नाही अशा माणसाला एक काम द्यायचं, मागे बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. सुरुवातीला पाच माणसं पुरतात, असं नील्सन यांनी २००० साली लिहिलं होतं. त्यावर पुढे बरेच वाद झाले, पण माझा अनुभव असा की तिसऱ्या माणसापर्यंतच आपली मान खाली जाते. अवघड असतं ते गप्प बसणं. बाई बाण दाबत होत्या तेव्हा 'वर दाबा ना' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते.

कॅलेंडर काढायला आम्हाला एक दुपार लागली. पुढच्या आठवड्यात बाईंना पुन्हा बोलावलं. त्यांनी तारीख टाइप केली, फॉर्म पुरा केला, चष्मा काढला आणि विचारलं, "यात तुम्ही नवीन काय केलंत?"